परदेशातून घेतलेली हाय-एंड ऑडिओ उपकरणं आणि वॉरंटीतली दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशाबाहेरून आणलेला अँप्लिफायर, डॅक (डिजिटल संगीताचं ध्वनीच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) किंवा टर्नटेबल वॉरंटीच्या मुदतीतच बिघडलं की पहिला प्रश्न पडतो तो 'दाद कोणाकडे मागायची?' हा. इथला वितरक तिकडे बोट दाखवतो, तिकडचा विक्रेता कंपनीकडे, आणि कंपनी पुन्हा वितरकाकडे. हे प्रश्न वारंवार येतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी दिली आहेत. काही ठिकाणी माझं मतही स्पष्ट मांडलं आहे, कारण या व्यवहारात सगळा भार ग्राहकावर पडतो आणि ते मला पटत नाही.

ब्रँड जगप्रसिद्ध आहे, वॉरंटी पाच वर्षांची आहे. तरी माझ्या देशातला अधिकृत वितरक हात का वर करतो?

कारण बहुतेक वेळा ते आश्वासन ब्रँडनं दिलेलंच नसतं. ते त्या त्या देशातल्या वितरकानं किंवा विक्रेत्यानं दिलेलं असतं. हाय-एंड उपकरणं बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या अगदी लहान असतात: एक कारखाना, मोजके तंत्रज्ञ आणि देशोदेशी नेमलेले वितरक. वितरक कंपनीकडून कमी भावात माल घेतो आणि मधल्या फरकातूनच सुट्या भागांचा साठा, दुरुस्ती करणारा माणूस, पाठवण्या-आणण्याचा खर्च भागवतो. तुम्ही दुसऱ्या देशात घेतलेल्या यंत्रातून त्याला काहीच मिळालेलं नसतं. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत 'खरेदीच्या देशापुरती मर्यादित' असं छापलेलं असतं, आणि ते यंत्र मुळात कोणत्या देशासाठी रवाना झालं हे कंपनीला सिरियल नंबरवरून कळतं.

वितरकाची अडचण मला समजते. कंपनीची समजत नाही. जी कंपनी जगभर जाहिरात करते, तिनं परक्या देशातल्या मालकाला निदान पैसे घेऊन सुटा भाग आणि सर्किटचा नकाशा तरी द्यायला हवा. अनेक कंपन्या तेवढंही करत नाहीत. माझी खरी तक्रार ही आहे.

मग कायद्यानं माझा हक्क कोणावर असतो?

मुख्यतः विक्रेत्यावर. युरोपीय संघात २०१९/७७१ या निर्देशानुसार मालातल्या दोषाची किमान दोन वर्षांची जबाबदारी विक्रेत्याची असते, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं गृहीत धरलं जातं. तो नंतर उद्भवला हे विक्रेत्यानं सिद्ध करायचं. ब्रिटनमध्ये २०१५ चा कंझ्युमर राइट्स ॲक्टही ग्राहकाला विक्रेत्याकडेच दाद मागू देतो. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी ॲक्ट लेखी वॉरंटीवर बंधनं घालतो, पण वॉरंटी द्यायलाच हवी अशी सक्ती करत नाही.

यातला बारकावा असा, की कायद्यानं मिळणारा हक्क आणि कंपनीनं आपणहून दिलेली वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीची पाच वर्षांची वॉरंटी तुमच्या देशात चालत नसली, तरी ज्या देशात खरेदी केली तिथल्या विक्रेत्यावरची जबाबदारी त्यामुळे पुसली जात नाही. म्हणून पहिला मेल विक्रेत्याला करा, कंपनीला त्याची प्रत ठेवा. उलट क्रमानं गेलात तर कंपनीचा नकार हातात येतो आणि विक्रेता तोच कागद पुढे करतो.

अधिकृत नसलेल्या विक्रेत्याकडून, म्हणजे ग्रे मार्केटमधून घेतलं असेल तर?

माल अस्सल असू शकतो, पण वॉरंटी त्या विक्रेत्याचीच. काही कंपन्या असा सिरियल नंबर दिसला की पैसे भरूनसुद्धा दुरुस्ती करत नाहीत. घेण्याआधी कंपनीला सिरियल नंबर कळवून लेखी विचारा. विक्रेता नंबर द्यायला तयार नसेल तर तिथे खरेदी करू नका.

सेकंड हँड घेतलेल्या यंत्राची वॉरंटी माझ्या नावावर होते का?

बहुतेक ठिकाणी वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते. काही कंपन्या मूळ बिल असेल तर ती पुढे चालू ठेवतात. बिल, कार्ड आणि मूळ खोकं, तिन्ही मागून घ्या. खोक्याचं महत्त्व पुढे येईलच.

माझ्याकडे व्होल्टेज वेगळं आहे. त्यामुळे वॉरंटी जाते का?

जाऊ शकते, आणि यंत्रही जाऊ शकतं. जपानमध्ये १०० व्होल्ट, उत्तर अमेरिकेत १२० व्होल्ट आणि युरोप-आशियाच्या मोठ्या भागात २२० ते २४० व्होल्ट असतात. स्विचिंग पॉवर सप्लायवर चालणारे बरेच डॅक आणि स्ट्रीमर (इंटरनेटवरून संगीत घेऊन वाजवणारी यंत्रं) १०० ते २४० पर्यंत काहीही निमूट घेतात. हाय-एंड अँप्लिफायर मात्र बहुधा मोठ्या टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराच्या, ट्रान्सफॉर्मरवर चालतो, आणि त्याचं व्होल्टेज कारखान्यात ठरवून दिलेलं असतं.

काही ट्रान्सफॉर्मरमध्ये प्राथमिक, म्हणजे मुख्य वीज आत घेणारी, तारेची वेटोळी दोन असतात. ती समांतर जोडली की ११५ व्होल्टला चालतात, एकामागे एक जोडली की २३० ला. अशा यंत्राचं व्होल्टेज बदलता येतं, फक्त फ्यूजही बदलावा लागतो, कारण व्होल्टेज निम्मं झालं की तेवढ्याच शक्तीसाठी दुप्पट प्रवाह लागतो. पण निव्वळ जपानी बाजारासाठी बनवलेल्या अनेक यंत्रांत १०० व्होल्टचं एकच वेटोळं असतं. ते १२० व्होल्टला लावलं तर लगेच धूर निघत नाही, म्हणून लोक फसतात. आतल्या कपॅसिटरवर वीस टक्के जादा दाब पडत राहतो, उष्णता वाढते आणि आयुष्य झिजतं. नंतर बिघाड झाला की कंपनी वॉरंटी नाकारते, आणि या बाबतीत तिचं म्हणणं बरोबर असतं. असं यंत्र चालवायचंच असेल तर योग्य स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि त्याची क्षमता यंत्राच्या कमाल मागणीच्या दुप्पट ठेवा.

टर्नटेबलमध्ये व्होल्टेजइतकीच फ्रिक्वेन्सीही महत्त्वाची. सिंक्रोनस मोटर थेट विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. ६० हर्ट्झसाठीची पुली ५० हर्ट्झवर लावली तर ३३⅓ ची गती २७.८ वर येते, आणि उलट केलं तर ४० वर जाते. हा दोष नसतो. पुली बदलली की प्रश्न सुटतो, यंत्र समुद्रापार पाठवावं लागत नाही.

दोष खरंच यंत्रातच आहे हे पाठवण्याआधी कसं ओळखू?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. कारण यंत्र जातं, तिकडे टेबलावर व्यवस्थित वाजतं, 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येतं आणि दोन्ही बाजूंचा खर्च मालकाच्या माथी बसतो.

एका बाजूचा आवाज जात असेल तर डाव्या-उजव्या तारा अदलाबदल करा. आधी स्पीकरच्या टोकाला, मग अँप्लिफायरच्या इनपुटला, मग स्रोताला. प्रत्येक वेळी अँप्लिफायर बंद करूनच. ज्या ठिकाणी अदलाबदल केल्यावर दोष बाजू बदलतो, त्या जोडणीच्या मागे स्रोताच्या दिशेला दोष असतो. अदलाबदल करूनही दोष त्याच बाजूला राहिला, तर तो त्या जोडणीच्या पुढे स्पीकरच्या दिशेला असतो.

गुणगुण येत असेल तर तिचा स्वर ऐका. विजेच्या फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झचा खोल घुमारा असेल तर बहुधा ग्राउंड लूप असतो, म्हणजे दोन यंत्रांच्या जोडणीतला घोळ. सगळ्या इनपुट तारा काढल्यावर तो थांबला तर अँप्लिफायर निर्दोष आहे. दुप्पट फ्रिक्वेन्सीची, १०० किंवा १२० हर्ट्झची कर्कश भुणभुण तारा काढूनही राहिली तर पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर संशय घ्या. फोनवरचं मोफत स्पेक्ट्रम ॲप एवढा फरक सहज दाखवतं.

आणखी एक प्रकार फार लोकांना छळतो. स्पीकरमधून काही येत नाही, पण अँप्लिफायरचं धूडच घुमतं, तेही दिवसातल्या ठरावीक वेळी. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला मुख्य विजेतला थोडासा डीसी (एकाच दिशेनं वाहणारा) अंशही सोसत नाही. त्याचा गाभा एका बाजूनं संपृक्त होतो आणि ट्रान्सफॉर्मर घुमू लागतो. सर्व्हिस सेंटरची वीज स्वच्छ असेल तर तिथे तो गप्पच राहणार. अशा वेळी आधी तो अंश अडवणारा डीसी ब्लॉकर लावून पाहा किंवा यंत्र दुसऱ्या इमारतीत नेऊन चालवा.

दोष अधूनमधून येतो. कंपनीला पटवू कसं?

पुराव्यानं. दोष सुरू असतानाचा, सिरियल नंबरपासून एकही कट न घेता काढलेला व्हिडिओ ठेवा. चालू केल्यापासून किती वेळानं येतो, कोणत्या बाजूला, कोणत्या इनपुटवर, त्या वेळी विजेचं व्होल्टेज किती होतं, खोलीत गरमी किती होती, हे लिहा. पहिल्याच मेलमध्ये बिल, सिरियल नंबर, व्होल्टेजची पट्टी दिसेल असा मागच्या बाजूचा फोटो आणि तुम्ही केलेल्या चाचण्यांचा निकाल जोडा. आरएमए क्रमांक, म्हणजे परत पाठवण्याची परवानगी, हाती आल्याशिवाय काहीही पाठवू नका. त्या क्रमांकाबरोबर तीन गोष्टी लेखी मागा: जाण्याचा आणि येण्याचा खर्च कोणाचा, दोष आढळला नाही तर तपासणीचं शुल्क किती, आणि दुरुस्तीत गेलेला काळ वॉरंटीत वाढवून मिळणार का.

युरोपीय संघात ३१ जुलै २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२४/१७९९ या दुरुस्ती-निर्देशात, विक्रेत्याच्या जबाबदारीच्या काळात ग्राहकानं बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर ती जबाबदारी एक वर्षानं वाढते. मात्र मुदतीनंतरही दुरुस्ती करण्याचं बंधन ज्या वस्तूंच्या उत्पादकांवर आहे, त्यांच्या यादीत वॉशिंग मशीन आणि फोन आहेत, अँप्लिफायर आणि स्पीकर नाहीत.

पॅकिंगला एवढं महत्त्व का?

कारण परदेशी दुरुस्तीत नवा बिघाड होतो तो मुख्यतः वाटेत. तीस-चाळीस किलोच्या अँप्लिफायरमध्ये सगळं वजन ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला एकवटलेलं असतं. खोकं कोपऱ्यावर आपटलं की ट्रान्सफॉर्मर बूड वाकवतो, सर्किट बोर्ड तडकतो. मूळ खोक्यातला फोम त्या असमान वजनाच्या हिशेबानं कापलेला असतो, म्हणून मूळ खोकं कधीही फेकू नका. नसेल तर कंपनीकडून विकत घ्या, आणि ते आणखी एका मोठ्या खोक्यात ठेवा.

व्हॉल्व्ह (काही अँप्लिफायरमधल्या काचेच्या नळ्या) काढून, जागेचे नंबर लिहून, वेगळे गुंडाळा. टर्नटेबलचं प्लॅटर काढा, टोनआर्म बांधा, टोनआर्मच्या मागचं समतोलाचं वजन आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) काढून घ्या. काही सीडी प्लेअरला वाहतुकीचे स्क्रू असतात, ते घट्ट करा. स्ट्रीमरमधून तुमची खाती आणि पासवर्ड पुसून टाका.

लाकडी पेटी बनवणार असाल तर आयएसपीएम १५ हा नियम लक्षात ठेवा. सीमा ओलांडणारं कच्चं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेलं आणि तसा शिक्का मारलेलं लागतं, नाहीतर पेटी बंदरातच अडकते. प्लायवुडला हा नियम लागू नाही, म्हणून सरळ प्लायवुडची पेटी करा.

बॅटरीवर चालणारी यंत्रं, पोर्टेबल प्लेअर किंवा हेडफोन अँप्लिफायर, पाठवताना आधी कुरिअरला विचारा. यंत्राच्या आत बसलेली चांगली लिथियम बॅटरी यूएन ३४८१ या वर्गात नियम पाळून जाऊ शकते. सुटी बॅटरी, म्हणजे यूएन ३४८०, १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाही. बॅटरी फुगलेली असेल तर ती हवाई मार्गानं पाठवायचीच नाही, आणि असा बिघाड झालेल्या मालकाला स्थानिक बदलीशिवाय मार्ग उरत नाही.

कुरिअरचा आकडा वजनाच्या मानानं इतका मोठा कसा?

कुरिअर वजन आणि आकारमान, दोन्ही पाहतो आणि जे जास्त त्याचे पैसे लावतो. नेहमीचं सूत्र: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं. १३० × ५० × ६० चं स्पीकरचं खोकं या हिशेबानं ७८ किलोचं ठरतं, प्रत्यक्षात ते ४५ किलोचं का असेना.

विमा वेगळा घ्या. माँट्रियल कराराखाली विमान कंपनीची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून किलोला २६ एसडीआर इतकीच आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. तीस किलोच्या अँप्लिफायरला म्हणजे ७८० एसडीआर, मग त्याची किंमत कितीही असो. पूर्ण किंमत जाहीर करून, पॅकिंगचे टप्प्याटप्प्यानं फोटो काढूनच विमा उतरवा. फोटो नसले की 'पॅकिंग अपुरं होतं' एवढंच उत्तर येतं.

माझंच यंत्र दुरुस्त होऊन परत आलं, तरी कस्टम्सनं पुन्हा शुल्क का मागितलं?

कारण जाताना त्याची नोंद नीट झाली नव्हती. कस्टम्सच्या दृष्टीनं सीमेवर आलेलं खोकं म्हणजे आयात; ते तुमचंच आहे हे तुम्ही दाखवायचं असतं. बऱ्याच देशांत दुरुस्तीसाठी तात्पुरत्या निर्यातीची सोय असते. अमेरिकेच्या शुल्क तक्त्यात तर वॉरंटीखाली परदेशात दुरुस्त होऊन परतणाऱ्या मालासाठी ९८०२.००.४० हे वेगळं कलमच आहे. पण ही नोंद यंत्र बाहेर पडण्याआधी व्हावी लागते. मेक, मॉडेल, सिरियल नंबर, मूळ आयातीचा कागद, आरएमएचं पत्र हे सगळं निर्यातीच्या कागदांना जोडा. अँप्लिफायर, स्पीकर, हेडफोन ८५१८ या शीर्षकात येतात, टर्नटेबल ८५१९ मध्ये. दोन्ही वेळा तोच क्रमांक लिहिलेला असू द्या.

कुरिअरचा माणूस 'किंमत कमी दाखवा, सुटेल' असा सल्ला देतो. तो ऐकू नका. खोकं हरवलं तर विम्याची भरपाई त्याच किमतीवर मिळते, आणि खोटं विधान तुमच्या सहीचं असतं.

कंपनी दुरुस्तीऐवजी दुसरं यंत्र देऊ म्हणाली, तर आनंदाच्या भरात लगेच होकार देऊ नका. सिरियल नंबर बदलला की परत येणारा माल कागदावर तुमचा राहत नाही आणि पूर्ण शुल्क लागू शकतं. ते कोण भरणार हे आधी लेखी ठरवा.

एका बोर्डाच्या दुरुस्तीला महिनोन् महिने का लागतात?

लहान कंपन्या एखादं मॉडेल वर्षातून एखाद-दोन वेळा तुकडीनं बनवतात आणि सुटे भागही तेव्हाच मागवतात. काही भाग जगात एकाच ठिकाणी बनतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या आसाही कासेई मायक्रोडिव्हाइसेसच्या (एकेएम) चिप कारखान्याला आग लागली, आणि एकेएमच्या डॅक चिपवर अवलंबून असलेल्या कितीतरी कंपन्यांना आपले डॅक नव्यानं आखावे लागले. जुन्या सीडी ट्रान्सपोर्टच्या (फक्त सीडी वाचणाऱ्या यंत्राच्या) लेझर युनिटची गत अशीच: बनणं बंद, उरलेला साठा संपत आलेला.

हे सगळं खरं असलं तरी उत्तरच न देणं याचं समर्थन होत नाही. भाग कधी येणार हे माहीत नसेल तर तसं सांगावं. मालक वाट पाहतो, त्याला फक्त अंधारात ठेवू नये.

स्थानिक तंत्रज्ञाकडून उघडून घेतलं तर वॉरंटी संपते का?

अमेरिकेत कायदा ग्राहकाच्या बाजूनं आहे. ठरावीक भाग किंवा सेवा मोफत दिल्याशिवाय त्याच वापरण्याची अट वॉरंटीला जोडता येत नाही. 'स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द' अशा मजकुराबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीद दिली होती. इतर देशांत चित्र वेगवेगळं आहे, म्हणून उघडण्याआधी लेखी परवानगी मागा.

माझ्या मते सगळ्यात शहाणा मार्ग हाच. यंत्र पाठवू नका, बोर्ड मागवा. चाळीस किलोचा अँप्लिफायर दोन वेळा समुद्र ओलांडण्यापेक्षा पावशेराचा बोर्ड एकदा येणं सगळ्यांच्याच सोयीचं. कंपनीला असं लिहा: 'मी पात्र तंत्रज्ञाचं नाव आणि त्याचा तपासणी अहवाल देतो, तुम्ही बदली बोर्ड आणि जोडणीच्या सूचना पाठवा, जुना बोर्ड मी परत करतो.' चांगल्या कंपन्या तयार होतात, कारण त्यांचाही वेळ वाचतो. तंत्रज्ञ मात्र खरोखर जाणता हवा. व्हॉल्व्ह अँप्लिफायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि यंत्र बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. स्टॅक्स कंपनीच्या प्रो हेडफोनचा बायसच, म्हणजे त्याला सतत द्यावा लागणारा विजेचा दाब, ५८० व्होल्टचा आहे. हे काम स्वतः करायचं नाही.

कंपनीच विकली गेली किंवा बुडाली तर?

विकली गेली तर जुन्या वॉरंटीबद्दल नव्या मालकाला लेखी विचारा. मॅकिंटॉश आणि सोनुस फॅबर या ऑडिओ ब्रँडचा समूह नोव्हेंबर २०२४ मध्ये बोस कंपनीकडे गेला, त्यामुळे अशा बदलांची सवय ठेवायला हवी. बंद पडणंही एकाच प्रकारचं नसतं. ओप्पो डिजिटलनं २०१८ मध्ये नवी उत्पादनं थांबवताना आधीच्या ग्राहकांना सेवा सुरू ठेवण्याचं जाहीर केलं. ओन्क्यो होम एंटरटेनमेंटनं २०२२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. दुसऱ्या प्रकारात विक्रेत्यावरचा कायदेशीर हक्क हाच आधार उरतो, म्हणून बिल जपा. कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडे दाद मागण्याची मुदतही तपासा.

दुरुस्त होऊन आलं. लगेच लावू का?

नाही. कुरिअरचा माणूस समोर असतानाच खोक्याचे सर्व कोपरे पाहा, फोटो काढा, खोकं चेपलं असेल तर पावतीवर तसं लिहूनच सही करा. विमानाच्या पोटातून आलेलं यंत्र थंड असतं आणि उबदार खोलीत आत दव धरतं, म्हणून खोकं न उघडता काही तास तसंच ठेवा. मग सिरियल नंबर जुळतो का, मागे व्होल्टेज तुमच्याकडचंच लावलं आहे का हे पाहा. सर्व्हिस सेंटरमध्ये चाचणीसाठी ते बदललं जाऊ शकतं. वाहतुकीचे स्क्रू सैल करा, व्हॉल्व्ह आपापल्या नंबरच्या जागी बसवा. पहिल्यांदा लावताना महागडे स्पीकर जोडू नका, एखादी जुनी जोडी जोडा आणि आवाज कमी ठेवून दोन्ही बाजू तपासा.

सोबत आलेल्या अहवालात कोणता भाग बदलला ते लिहिलेलं असायला हवं. नुसतं 'दुरुस्त केलं' असेल तर तपशील त्याच आठवड्यात मागवा, कारण तोच दोष पुन्हा आला तर पुढचा दावा त्या कागदावर उभा राहतो.